चुकलेली पट्टी

पियानोवादकाची 'तयारी' म्हणजे नेमकं काय, यावरून परवा एका मित्राशी जोरदार वाजलं. त्याचं म्हणणं नेहमीचंच. हल्लीची पोरं बोटांनी वाजवतात, जुनी माणसं काळजातून वाजवायची. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोटं न वापरता वाजवणारा पियानोवादक मला तरी अजून भेटायचाय.

पण बदललं काहीच नाही, असंही नाही. बदललाय तो 'चूक' या गोष्टीचा अर्थ.

९ मे १९६५. नामवंत पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षांनी पुन्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रिसायटलला, म्हणजे एकट्याच्या मैफलीला, बसला. पहिलीच रचना बाखची, बुसोनीने पियानोसाठी बेतलेली. आणि सुरुवातीलाच बोट चुकीच्या पट्टीवर पडलं! हॉलमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्या मैफलीची तबकडी निघाली ती 'प्रत्यक्ष कार्यक्रमाची' म्हणून, पण तिच्यात काही जागी डागडुजी केलेली होती. जसं वाजलं तसं ध्वनिमुद्रण बाजारात यायला २००३ उजाडलं. तोवर होरोविट्झ जाऊन चौदा वर्षं झाली होती.

तीस वर्षं आधी असं लपवायची सोयच नव्हती. पियानोवादक श्नाबेलने १९३० च्या दशकात बेटोफेनच्या बत्तीसही सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या पियानो-रचना, ध्वनिमुद्रित केल्या. तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटं मावत आणि बिघडलं तर ती अख्खी बाजू पुन्हा वाजवायची. त्यातल्या 'हामरक्लाविअर' सोनाटाच्या पहिल्या भागात बोटं चक्क घसरतात. का? तर बेटोफेनने स्वतः लिहून ठेवलेली, जवळजवळ अशक्य अशी लय गाठायला तो निघालाय. सावकाश वाजवला असता तर सगळं स्वच्छ आलं असतं. मला ती घसरण त्याच्या तयारीचाच भाग वाटते. त्याच काळातल्या कॉर्तो या पियानोवादकाच्या चुकाही लोकांनी अशाच पोटात घातल्या.

मग ध्वनिमुद्रणाची चुंबकीय फीत आली. पात्याने कापा, दुसऱ्या वेळचा चांगला तुकडा जोडा. पियानोवादक ग्लेन गूल्डने तर १९६४ मध्ये मंचच सोडला आणि ही कापाकापी म्हणजेच कला आहे असं ठणकावून सांगितलं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. बाकीच्यांची पंचाईत अशी झाली की श्रोते घरी निर्दोष तबकडी ऐकून येऊ लागले आणि तेच हॉलमध्ये मागू लागले. स्पर्धांनी त्यात भर घातली. चूक मोजता येते, धाडस कसं मोजणार? १९८० च्या शोपँ पियानो स्पर्धेत पोगोरेलिच या धाडसी तरुण वादकाला अंतिम फेरीआधीच घरी पाठवलं, तेव्हा पियानोवादक मार्ता आर्गेरिच परीक्षक मंडळातून उठून गेली.

आता मित्राच्या 'हल्लीच्या पोरां'कडे येतो. २०२२ मध्ये युनचान लिम नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने क्लायबर्न पियानो स्पर्धेत एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक-संगीतकार लिस्ट याचे 'ट्रान्सेंडेंटल' एत्यूद (कौशल्याचा कस लावणाऱ्या रचना) वाजवले, बाराच्या बारा, एका बैठकीत. (हे लिस्टने नंतर सोपे करून छापलेले बरं का, १८५२ चे. त्याआधीचे याहून भयंकर आहेत.) त्या मुलाला कोरडा म्हणायची माझी छाती नाही. १८७४ मध्ये पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनने चायकॉव्स्कीचा पहिला कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवण्याजोगाच नाही म्हणून झटकून टाकला होता. आज स्पर्धांच्या अंतिम फेरीत तो इतक्यांदा कानावर येतो की नको होतं.

खरं नुकसान माझ्या मते दुसरीकडेच झालंय आणि ते फीत यायच्या कितीतरी आधीपासून. लिस्ट श्रोत्यांकडून एखादी धून मागून घ्यायचा आणि तिथल्या तिथे तिचा डोलारा उभा करायचा. त्याच्याच काळातली पियानोवादक क्लारा शुमान एका रचनेतून दुसरीत जाताना मधला धागा आयत्या वेळी विणायची. गंमत म्हणजे दुसऱ्याची रचना पाठ करून, तिच्यापुढे नम्र होऊन वाजवायचा पायंडा रुजवण्यात याच क्लाराचा मोठा वाटा. हळूहळू रचणारा वेगळा झाला, वाजवणारा वेगळा झाला आणि वाजवणाऱ्याकडे उरलं ते बिनचूक पाठांतर. विसाव्या शतकातला पियानोवादक रिख्टर उतारवयात अंधाऱ्या मंचावर छोटासा दिवा लावून, समोर स्वरलिपीचा कागद ठेवून वाजवायचा, तर त्याचीसुद्धा चर्चा व्हायची. आज पियानोवादक गाब्रिएला मोन्तेरो प्रेक्षकांनी गुणगुणलेल्या धूनवर तिथेच काहीतरी रचते, तेव्हा लोक जादूचा प्रयोग बघावा तसे बघतात. लिस्टच्या काळात हे रोजचं काम होतं.

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, म्हणजे मी म्हणतो तेच की! कपाळावर हात मारून घेतला.

घरी येऊन होरोविट्झची ती न दुरुस्त केलेली मैफल लावली. पण आता ती चूक कुठे येते ते मला पाठ झालंय. टाळ्या थांबल्या की मी तिची वाट बघत बसतो आणि ती दर वेळी अगदी ठरल्या जागी येते.