पीटीओ घसरतोय म्हणून गिअरबॉक्समध्ये १४० नंबरचं ऑइल ओतू नका

निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांमध्ये एक मेसेज फिरतोय: जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) बागेत फवारणी करणाऱ्या ब्लोअरच्या लोडवर घसरत असेल, तर गिअरबॉक्समध्ये १४० नंबरचं जाड ऑइल टाका. हे साफ चुकीचं आहे.

ड्युअल क्लचच्या, म्हणजे चाकांसाठी एक आणि पीटीओसाठी वेगळी क्लच प्लेट असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओला ताकद मिळते ती क्लच प्लेटच्या घर्षणातून, आणि ही प्लेट कोरडीच चालते. इंजिनचे फेरे कायम असून ब्लोअर मंदावला, तर पीटीओची प्लेट झिजली आहे किंवा तिला तेल लागलंय. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कव्हरच्या) तळाच्या भोकातली स्प्लिट पिन हलवून बघा. काळं, पातळ तेल ठिबकलं तर इंजिनच्या क्रँकचं मागचं सील गेलंय. उग्र वासाचं चिकट तेल आलं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. मग ट्रॅक्टर फोडावाच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावेच लागतात. सीलच्या ओठाने शाफ्टवर चर पाडली असेल तर नुसतं नवं सील टिकत नाही. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुतली तरी पुन्हा घसरते, ती बदलाच.

बऱ्याच जुन्या मॉडेलांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला ऑइल एकच असतं. तिथे जाड ऑइल थंडीच्या सकाळी पंपाला ओढवत नाही, लिफ्ट अडखळते.

खोलण्याआधी क्लच पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधी पेडल जेवढं मोकळं दबतं ते अंतर) मात्र तपासा. तो संपला असेल तर चांगली प्लेटही घसरते.