गाडी बापाच्या नावावर, स्टेअरिंग पोराच्या हातात

अमळनेरचा माझा भाचा, वय २३. मागच्या महिन्यात पुण्याहून सेकंडहँड गाडी घेऊन आला. एमएच १२ पासिंग, ११९७ सीसी, पांढरीशुभ्र. ओट्यावर बसल्या बसल्या मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, एजंटपेक्षा चार हजार कमीमा पॉलिसी काढी!"

मी चष्मा लावून खाली खाली सरकवत गेलो. एका ठिकाणी थांबलो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न करणाऱ्याला प्रीमियमवर मिळणारी सूट, ५० टक्के. स्वतःच्या नावाची ही त्याची पहिलीच गाडी, मग ५० टक्के आले कुठून? तर आधीच्या मालकाच्या पॉलिसीवर छापलेलं होतं, याने तेच टिक करून टाकलं. ओडी म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग ८,००० होता, तो ४,००० झाला. पोरगं खूश.

हा बोनस गाडीचा नसतो भो, माणसाचा असतो. विकणारा कंपनीकडून त्याचं पत्र घेतो आणि आपल्या पुढच्या गाडीला लावतो. घेणाऱ्याने शून्यापासून सुरू करायचं. खोटा बोनस लावलेली पॉलिसी पोलिसाला दाखवायला चालते. पण हायवे ५३ वर एखाद्या केळीच्या ट्रकने मागून ठोकलं की कंपनी पहिल्यांदा जुन्या कंपनीला विचारते, आणि क्लेम तिथेच अडकतो.

तरुण पोरांचा इन्शुरन्स महाग का, असं मला बरेच जण विचारतात. इंग्लंडमध्ये १८ वर्षांच्या पोराला अनुभवी माणसापेक्षा कितीतरी जास्त प्रीमियम बसतो, तिथे वय सरळ हिशेबात धरतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीच्या भागाचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनावर असतो. २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. चालवणारा २० चा की ६० चा, तिथे कुणी विचारत नाही. ओडीचा भाव मात्र २००७ पासून कंपन्या आपापला लावतात. त्यात गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत), वय, मॉडेल, पासिंग कुठलं हे येतं. पुणे-मुंबई ए झोन, थोडा महाग, आपलं जळगाव-धुळं बी झोन. म्हणजे भाच्याची गाडी अमळनेरच्या गल्लीत उभी असली तरी पासिंग पुण्याचं आहे. फरक फार नाही, पण आहे. वर १८ टक्के जीएसटी.

मग तरुणाला खरा फटका बसतो कुठे? माझ्या मते आपल्या खान्देशी सवयीत. गाडी बापाच्या, म्हणजे आबांच्या नावावर घ्यायची आणि चालवायची पोराने. दहा वर्षं एक ओरखडा न पाडता चालवली तरी ५० टक्के साचतात आबांच्या खात्यात. पोराने स्वतःची गाडी घेतली की तो शून्यावर. वारस म्हणून तो बोनस मिळतो खरा, पण त्यासाठी काय वाट बघत बसायचं, ते लिहवत नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पॉलिसीत १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो फक्त मालक-चालकाचा. मालकाच्या नावावर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र हवं आणि त्याच्याकडे लायसन्सही हवं. आबांकडे लायसन्स नाही आणि पोरगा मालक नाही. कन्नड घाटात काही झालं तर १५ लाखांतला रुपयाही त्या पोराच्या घरी येत नाही. लग्नसराईत याच पांढऱ्या पाटीच्या गाडीत धुळे-जळगाव शीटा भरणारे तर वेगळेच शहाणे. भाडं घेतलंस की क्लेमवर पाणी.

आता माझाच गाढवपणा सांगतो. चार वर्षांपूर्वी बाजार समितीच्या गेटला बंपर घासला. बिल ६,४००. चिडून क्लेम केला. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला, १,००० सक्तीने माझ्या खिशातले, रंगातही थोडी कात्री. हातात आले तीनेक हजार. बोनस होता ४५ टक्के, त्या वर्षी ५० होणार होता. ९,००० च्या ओडीवर ४,५०० वाचले असते, ते गेले, कारण क्लेम केला की बोनस शून्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा २०, मग २५, मग ३५. तीन हजारांसाठी मी अजून त्या जिन्याच्या पायऱ्या चढतोय.

भाच्याला दुसऱ्या दिवशी एजंटकडे नेलं. बोनस शून्य केला, फरक भरला. आरसी आणि पॉलिसी दोन्ही त्याच्याच नावावर घ्यायला लावली. जुन्या मालकाचीच पॉलिसी चालू ठेवायची तर ती १४ दिवसांत आपल्या नावावर करायची असते, तोवर गाडीचं नुकसान झालं तर हात वर. "कागद तं शे ना मामा!" (कागद तर आहे ना!) असं तो दोनदा पुटपुटला. त्याची आई मात्र खूश, कारण आरसीवर पहिल्यांदा पोराचं नाव दिसलं.

परवा रात्री फोन आला. भरीत पार्टीहून येताना मळ्याच्या फाटकाला डावा दरवाजा घासला. "मामा, क्लेम टाकू का?"

मी त्याला बसस्टँडमागच्या डेंटिंगवाल्याचा पत्ता दिला. १,२०० रुपयांत दरवाजा नीट झाला.