आकडा

परवा म्हार्दोळच्या देवळात एका बाईने आईला हळूच विचारलं, "तुमचा मुलगा पुण्याहून आला तो आता आकडे घेतो म्हणतात, खरं?" आई प्रसादाचं केळं हातात तसंच धरून घरी आली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली.

झालं होतं एवढंच. रविवारी वीज गेली म्हणून फोंड्यातल्या हॉटेलात मिक्स भाजी-पाव मागवून वही उघडली. 'अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड' नावाची प्रोग्रामिंगची कोडी 2015 पासून दर डिसेंबरात निघतात. त्यातलं 2022 च्या दहाव्या दिवसाचं. एक गरीब यंत्र, त्याला एकच खण, एक्स. सुरुवातीला त्यात 1. हुकूम दोनच. 'नूप' म्हणजे एक ठोका (यंत्राच्या घड्याळाचा) नुसतं बसून राहा. 'अ‍ॅडएक्स' म्हणजे दिलेली संख्या एक्समध्ये मिळव, पण दोन ठोके घे. मग 20, 60, 100, 140, 180 आणि 220 व्या ठोक्याला एक्स बघायचा, ठोक्याच्या क्रमांकाने गुणायचा आणि सहा गुणाकारांची बेरीज करायची. सातवीतलं पोर करील. माझं तीनदा चुकलं.

"बाब, हो मुंबयचो काय?"

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा बशी हातात घेऊन माझ्या वहीत वाकला होता. मी म्हटलं, हा मटका नाही, यंत्र आहे.

"यंत्रच की. चाळिसाचं अंतर धरलंयस. कोणी शिकवलं?"

चिडून मी त्याला सगळं समजावलं. (रागावलेला माणूस इतकं तपशिलात का सांगतो कोण जाणे.) त्याने बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"मिळवणी कधी होते?"

"दुसरा ठोका संपल्यावर."

"आणि विसाव्या ठोक्याचं तू बघतोस कधी?"

मी गप्प. मी ठोका संपल्यावर बघत होतो.

"अरे, आकडा फुटल्यावर चिठ्ठी घेतली तर पैसे कोण देणार? ठोका चालू असतानाच बघायचं!"

अठरा वर्षं सॉफ्टवेअरचा पगार घेतला मी. उत्तर बरोबर आलं तेव्हा त्याचे आभार मानायचीही इच्छा झाली नाही. त्याने मात्र माझ्या उत्तरातल्या अंकांची बेरीज केली, तिचा शेवटचा अंक सिगारेटच्या पाकिटावर लिहिला आणि "देव बरें करूं" म्हणत निघून गेला.

अंक लागला नाही. सोमवारी त्याने भरल्या हॉटेलात जाहीर केलं, "हाचो आकडो लागना!" आईपर्यंत बातमी गेली ती इथूनच. मांडवीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर झगमगतात, त्या कायदेशीर. तिथे हरून आलेल्यांची नावं देवळात कुणी घेत नाही. वहीत सहा गुणाकार मांडणारा मात्र गावाला लगेच कळतो.

तेव्हा मी कोड्याच्या दुसऱ्या भागात होतो. दर ठोक्याला ओळीतला पुढचा चौकोन; तो एक्स आणि त्याच्या दोन्ही बाजूंची घरं अशा तीन घरांत आला तर काळा करायचा, नाहीतर मोकळा सोडायचा. 40 चौकोनांच्या 6 ओळी, 240 ठोके. हळूहळू आठ इंग्रजी अक्षरं उमटली. म्हातारा श्वास रोखून बघत होता.

"अक्षरं?" तो म्हणाला. "अक्षरांवर कोण पैसे घेतो?"

उठला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. त्याचा चहा माझ्या बिलात आला.