जुन्या फॉन्टमधला मजकूर आणि युनिकोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या मराठी संस्थांनी आपले जुने अहवाल, स्मरणिका आणि हस्तलिखितांवरून जुळवलेले लेख युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक मानकात, आणून ठेवावेत, अशी सूचना मी केली होती. तिच्यावर आपण सविस्तर आक्षेप घेतले आहेत. अक्षरजुळणीच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसाचे हे आक्षेप असल्यामुळे त्यांना तसेच सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. आपले म्हणणे थोडक्यात असे की, मजकूर एकदा छापून झाला आहे, त्याची पीडीएफ संस्थेकडे आहे आणि कागदी प्रत ग्रंथालयात आहे, मग पुन्हा हा खटाटोप कशासाठी? युनिकोडचे फॉन्ट छपाईत शोभत नाहीत, असेही आपण लिहिले आहे. आणि संगणकाची हौस असणाऱ्यांच्या अशा आग्रहापायी वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो, ही आपली सर्वांत गंभीर तक्रार आहे.

पीडीएफपासून सुरुवात करतो, कारण मतभेदाचे मूळ तिथेच आहे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द जुळवला की पडद्यावर आणि कागदावर तो बरोबर दिसतो. परंतु फाइलीत मोठ्या लिपीतला एच, दोन वेळा के, मग जे आणि आर अशी पाच रोमन अक्षरे साठवलेली असतात. त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, तर उरतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. कोणत्या रोमन अक्षराला कोणता तुकडा याचे कोष्टक श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टसंचात निराळे, आकृती या तिसऱ्यात आणखी निराळे, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला तरी तो वाचता येत नाही. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत बांधून दिलेले असतात, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसते. पण तिच्या आत शोध घेतला, किंवा एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला, तर पुन्हा तीच रोमन अक्षरे हाती लागतात. आपल्या आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी रामबागेतल्या एखाद्या कार्यक्रमात काय भाषण केले, हे आज पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्या नातवाला शोधायचे असेल, तर त्याने देवनागरीत टंकलेले आडनाव त्या पीडीएफमध्ये सापडणार नाही, कारण संगणकाच्या लेखी ते आडनाव तिथे नाहीच.

दृष्टिहीन वाचकांचा विचार तर या संपूर्ण चर्चेत कोणीच करत नाही, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर २००६ पासून विकसित होत आलेले आणि पूर्णपणे मोफत आहे. ईस्पीक या मुक्त वाचायंत्रणेच्या साहाय्याने ते मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. युनिकोडमधला अहवाल त्याला दिला तर तो ऐकता येतो. जुन्या फॉन्टमधला अहवाल दिला तर एच, के, के असा अर्थहीन उच्चार सुरू होतो. संस्थेचा जो सभासद डोळ्यांनी वाचू शकत नाही, त्याच्यापुरता तो अहवाल कधी प्रसिद्धच झालेला नसतो. पीडीएफ पुरेशी आहे, हे विधान डोळस वाचकांपुरतेच खरे आहे.

या परिस्थितीचा दोष मी अक्षरजुळणी करणाऱ्यांना देत नाही, हे येथे स्पष्ट करतो. आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. परंतु सामान्य माणसाच्या संगणकावर युनिकोडमधली देवनागरी खऱ्या अर्थाने पोहोचली विंडोज २००० आणि त्यातल्या मंगल फॉन्टबरोबर. मधल्या दशकात ज्यांना मराठी छापायचे होते त्यांच्यापुढे रोमन अक्षरांच्या जागा उसन्या घेण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. त्या काळात मध्य प्रदेशात मराठी पाने जुळवणाऱ्यांनी जे केले, त्यामुळेच आज जतन करण्यासारखे काही शिल्लक आहे.

कागदाविषयी आपण लिहिता ते मला मान्य आहे. इंदूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा भरले. १९१७ च्या सुमाराचा छापील कागद वाळवीपासून वाचला असेल तर आजही सहज वाचता येतो, आणि २००१ च्या सुमारास संगणकावर जुळवलेली फाइल मात्र उघडेलच असे सांगता येत नाही. याचा अर्थ कागद पुरेसा आहे असा मी काढत नाही. नवे माध्यम कागदाइतके टिकाऊ करण्याचे काम आपण अर्धवट सोडले आहे, असा काढतो. आपल्या शहराला याचा अनुभव नवीन नाही. होळकर दरबाराची कागदपत्रे मोडीत आहेत आणि ती वाचणारे विरळ होत गेले. तरी मोडीची अक्षरे पुस्तकावरून शिकता येतात, तिचे वर्ग भरतात, आणि २०१४ पासून तिला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाही आहे. एखाद्या बंद पडलेल्या फॉन्टचे कोष्टक शिकवणारा वर्ग कोठे भरणार आहे?

आपण रूपांतराच्या कटकटीविषयी लिहिले आहे, आणि त्यात तथ्य आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे. त्यामुळे केवळ अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकांतून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून, मी मराठी पाने काढून पाहिली, तेव्हा त्यांची अडचण विशेषतः ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांपाशी झाली; हिंदीला हा अर्धा र लागत नाही, म्हणून तो त्यांच्या हिशेबातच नव्हता. एका पानावर मथळ्याला एक फॉन्ट आणि मजकुराला दुसरा असेल, तर प्रत्येक तुकडा वेगळा हाताळावा लागतो. यंत्राने काढलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहणारा, शुद्धलेखन जाणणारा माणूस हवाच. मूळ फाइलच हरवली असेल तर छापील पान स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या मुक्त ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) मराठी मजकूर काढता येतो, पण तिथेही मुद्रितशोधन चुकत नाही. हे सगळे कष्टाचे आहे. म्हणूनच ते आज करावे, जेव्हा कोणते पान कोणत्या फॉन्टमध्ये जुळवले होते हे आठवणारी माणसे आपल्यात आहेत, असे माझे म्हणणे आहे.

सौंदर्याचा आक्षेप मला आता जुना झालेला वाटतो. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड समजत नाही, म्हणून तिच्यात काम करणाऱ्याला युनिकोडचा अनुभव वाईटच येणार. आज त्याच कामाच्या इनडिझाइनमध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट बसतात, मुक्त असलेल्या स्क्राइबसमध्येही बसतात, आणि मुक्ता, शोभिका, यशोमुद्रा हे विनामूल्य फॉन्ट पुस्तकाच्या पानाला शोभतील असेच आहेत.

आता पोटापाण्याचा प्रश्न. ज्यांची बोटे टंकलेखनयंत्राच्या रेमिंग्टन कळफलकावर बसली आहेत त्यांना नवा कळफलक शिकावा लागेल ही भीती अनाठायी आहे, कारण कळफलक आणि संकेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच राज्यातल्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखन युनिकोडमध्ये होते आणि तिथे रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक निवडता येतो. बोटांची सवय तीच राहते, साठवणूक तेवढी बदलते. शिवाय रूपांतर आणि मुद्रितशोधन ही स्वतंत्र कामे आहेत, आणि ती जुन्या जाणकारांइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही. अडचण अशी की आपल्या संस्था मांडवाला, ध्वनिक्षेपकाला आणि पाहुण्यांच्या प्रवासाला पैसे मंजूर करतात, पण मजकुराचे काम कोणीतरी हौसेने फुकट करावे अशी अपेक्षा ठेवतात. या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. हे काम मोबदला देऊन करून घ्यावे आणि त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी. महाराष्ट्रात राज्यशासन मराठीसाठी काही ना काही करत असते. इथे राजभाषा हिंदी आहे, त्यामुळे इंदूरच्या मराठी कागदांची काळजी इंदूरच्या मराठी माणसांनाच वाहावी लागणार आहे.

एक खुलासा करणे राहिले. युनिकोडमध्ये आणणे म्हणजे सगळे जगापुढे उघडे करणे नव्हे. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेल्या याद्या संस्थेच्या कपाटातच राहाव्यात.

आपल्याकडे त्या काळच्या सीडी अजून असतील, तर माझी एक विनंती आहे. मजकुराच्या फाइली जशा आहेत तशाच ठेवा, त्यांच्यासोबत त्यात वापरलेल्या फॉन्टची फाइलही ठेवा, आणि कोणती स्मरणिका कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत जुळवली होती, याची एक पानभर नोंद कागदावर करून संस्थेच्या ग्रंथपालांकडे द्या. तेवढी नोंद हाती आली, तर एका वर्षाचा अहवाल नमुन्यादाखल रूपांतरित करून मी आपल्याकडे तपासायला पाठवीन, आणि त्यात ज्या चुका आपण दाखवाल त्यांवरून पुढच्या अहवालाचे काम ठरवता येईल.