डायलिसिसमधली खाज: ‘फॉस्फरस कमी करा, नाहीतर सोसा’ हे खरे नाही

दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या खाजेविषयी एक संदेश सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे की, ही खाज फॉस्फरस वाढल्यामुळेच सुटते, पथ्य पाळले की जाते, तोवर अ‍ॅलर्जीची गोळी घ्यावी आणि तरीही न गेल्यास सोसावी, कारण त्यावर दुसरा इलाज नाही.

फॉस्फरसचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो फार वाढला असेल तर आटोक्यात आणलाच पाहिजे, हाडांसाठी आणि रक्तवाहिन्यांसाठीही. परंतु रिपोर्ट चांगला असूनही रात्र रात्र खाजवत बसणारे रुग्ण पुष्कळ आहेत. कोरडी पडलेली त्वचा, अपुरे होणारे डायलिसिस, शरीरातला दाह, मज्जातंतूंमधले बदल आणि खाजेची जाणीव नियंत्रित करणाऱ्या ओपिऑइड रिसेप्टरांचा (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंचा) बिघडलेला तोल, अशी अनेक कारणे यात गुंतलेली असतात. त्यामुळे खाज सुटली म्हणजे पथ्य मोडले असणार, असा ठपका घरच्यांनी ठेवू नये.

अ‍ॅलर्जीच्या गोळीचे म्हणाल तर ती हिस्टामिनला, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनाला, अडवते आणि या खाजेत हिस्टामिनचा वाटा मुख्य नसतो. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी येते, तोच गुण वाटतो. वयस्कर रुग्ण मात्र त्या गुंगीत तोल जाऊन पडू शकतो.

‘इलाज नाही’ हे विधान सर्वांत घातक आहे. कोमट पाण्याने अंघोळ करून अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावणे, ही साधी सुरुवात आहे. डायलिसिस पुरेसे होते का, हे केटी/व्ही (Kt/V) या, रक्त किती शुद्ध झाले ते सांगणाऱ्या आकड्यावरून तपासता येते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल, तर तो प्रत्येक वेळी किमान 1.2 असावा लागतो. गॅबापेंटिन या मज्जातंतूंवरच्या औषधाचा अनेकांना उपयोग होतो, पण ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने नेहमीचा डोस अंगात साठतो आणि रुग्ण झोपाळतो, अडखळतो. म्हणून डॉक्टर ते अगदी थोडे, बहुधा 100 मिलिग्रॅमपासून, डायलिसिसनंतर देतात. ते स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. जपानमध्ये 2009 साली नाल्फुराफिन आणि अमेरिकेत 2021 साली डायफेलिकेफालिन या ओपिऑइड रिसेप्टरांवर काम करणाऱ्या औषधांना याच खाजेसाठी मान्यता मिळाली. डायफेलिकेफालिनच्या एका मोठ्या चाचणीत 12 आठवड्यांनी सुमारे निम्म्या रुग्णांची खाज ठळकपणे उतरली. नुसते निष्क्रिय इंजेक्शन दिलेल्यांतही हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास होते. ‘आमच्या उपायाने गुण आला’ असे अनुभव इतके का ऐकू येतात, ते यावरून कळावे.

सोसण्याचा सल्ला देणाऱ्याने अशा रुग्णाची पाठ एकदा पाहावी. हात पोहोचतो तिथवर ओरखडे आणि काळसर डाग, आणि मधोमध, जिथे नखे पोहोचत नाहीत तिथे, स्वच्छ कातडी. डायलिसिसचे चार तास तर फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडलेला) हात हलवताही येत नाही, आणि खाज तेव्हाही थांबत नाही. पुष्कळ रुग्ण हे डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण सांगून उपयोग नाही असेच त्यांनी ऐकलेले असते. पुढच्या डायलिसिसला शून्य ते दहा यांपैकी खाज किती आणि झोप किती वेळा मोडली, एवढे दोन आकडे लिहून न्यावेत.