लॅमिनेट दस्त्याला ‘नुसतं तेल पुरे’? नाही पुरत

रायफलच्या लॅमिनेट दस्त्याबद्दल (म्हणजे लाकडाचे पातळ पदर चिकटवून बनवलेल्या, नळी बसवायच्या आणि खांद्याला टेकवायच्या भागाबद्दल) एक सल्ला सारखा पुढे पाठवला जातो. थोडक्यात तो असा: लॅमिनेट म्हणजे रेझिनने भरलेलं लाकूड, त्याला पाण्याची भीती नाही, त्यामुळे फिनिशची खरं तर गरजच नाही. काही लावायचंच तर जवसाचं तेल लावा. ते आतपर्यंत मुरतं आणि लाकडाला आतून जपतं. पॉलियुरेथेन, म्हणजे आपलं पीयू, नुसतं वर बसतं आणि पुढे सोलून निघतं. तेल मात्र आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा आणि त्यानंतर जन्मभर वर्षातून एकदा चोळत राहा.

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर हा सल्ला खपतो. पण लॅमिनेटच्या बाबतीत तो बऱ्यापैकी चुकतो.

‘लॅमिनेट रेझिनने भरलेलं असतं.’

नेहमीचा लॅमिनेट दस्ता कसा बनतो ते बघा. बर्चसारख्या लाकडाचे साधारण दीड मिलिमीटर जाडीचे व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रे, घेतात, ते रंगवतात, एकावर एक रचून मध्ये रेझिनचा गोंद देतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. त्या ठोकळ्यातून दस्ता कोरून काढतात. म्हणजे रेझिन असतं ते दोन पदरांच्या सांध्यात. पदर स्वतः लाकूडच असतो, फक्त रंगवलेलं. व्हिनियरच्या पोटात दाबाखाली रेझिन भरलेला माल वेगळा मिळतो, सुऱ्यांच्या मुठींना वगैरे वापरतात. तो जड असतो. बाजारातले बहुतेक दस्ते त्यातले नव्हेत.

खात्री करायची तर फिनिश काढून घासलेल्या जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. थोड्याच वेळात तो बसल्याजागी गडद डाग पाडतो, आणि त्या डागाची कड गोल राहत नाही. पदरांच्या लांबीच्या दिशेने तिला बोटं फुटतात, कारण पाणी तंतूंच्या वाटेने जास्त वेगाने पळतं. गोंदाच्या बारीक रेघा तेवढ्या कोरड्या राहतात. रेझिनने भरलेल्या मालावर असं होत नाही.

आता ‘लॅमिनेट वाकत नाही’ हे बरंचसं खरं आहे. एका फळीतला दोष पुढच्या पदरात येत नाही, लाकडाच्या रेषांचे ताण एकमेकांत विरून जातात, म्हणून दस्ता पिळत नाही. पण वाकणं वेगळं आणि फुगणं वेगळं. प्लायवूडमध्ये पदर आडवे-उभे टाकलेले असल्याने एकमेकांना धरून ठेवतात. दस्त्याच्या लॅमिनेटमध्ये मजबुतीसाठी बहुतेक पदरांच्या रेषा लांबीलाच असतात, त्यामुळे रुंदीत आणि उंचीत फुगायला त्यांना फारसं कोणी अडवत नाही. बर्च वार्षिक वलयांच्या दिशेने ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे साधारण ०.३ टक्के फुगतं. दस्त्याच्या नळीखालच्या पुढच्या भागाची उंची ४० मिलिमीटर धरली आणि पावसाळी हवेत लाकडाचा ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर हिशेब जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा होतो. गोंद थोडंफार आवरेल, पण नळी आणि दस्ता यांच्यामधली फट मुळातच मिलिमीटरभर असते. लाकूड नळीला एका बाजूने टेकलं की गोळी निशाण्यावर लागण्याची जागा सरकते, आणि नेमबाज बिचारा दुर्बिणीला दोष देत बसतो.

‘तेल आतपर्यंत मुरतं.’

हा सगळ्या सल्ल्याचा कणा आहे आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. बाजूच्या पृष्ठभागावर तेल मिलिमीटरचा काही अंशच आत जातं. तंतू जिथे आडवे कापले गेलेत तिथे जास्त जातं, हे खरं. पण लॅमिनेटमध्ये पुढचा गोंदाचा थर आला की आडवी वाट बंद. म्हणजे भरीव अक्रोडाच्या दस्त्यावर जेवढं मुरतं, त्याहून कमीच.

शिवाय मुरणं म्हणजे ओल अडवणं नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याची मॅडिसन इथे फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. तिथे पाइनच्या तुकड्यांना सगळ्या बाजूंनी वेगवेगळी फिनिशं देऊन ते दमट हवेत ठेवले आणि किती बाष्प आत शिरलं ते मोजलं. जवसाच्या तेलाच्या तीन हातांनी पहिल्या दिवशी जेमतेम तिसरा हिस्सा बाष्प अडवलं. चौदाव्या दिवशी शून्य. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) पहिल्या दिवशी निम्म्यावर होतं, चौदाव्या दिवशी तेही जवळपास संपलं. चकचकीत पॉलियुरेथेन वार्निशच्या तीन हातांनी पहिल्या दिवशी ९० टक्क्यांच्या आसपास अडवलं आणि चौदाव्या दिवशीही ४० टक्क्यांहून अधिक. दोन भागांचं इपॉक्सी त्याच्याही पुढे. (पहिला नंबर वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यांचा आहे. पण असला बुळबुळीत दस्ता खांद्याला कोण लावणार?)

कारण साधं आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पण त्याची जाळी मऊ आणि सैल राहते. शिवाय आपण ते पुसून घेतो, म्हणजे वर थर उरतच नाही. बाष्पाला अडवतो तो सलग थर. त्यामुळे ‘पीयू नुसतं वर बसतं’ हा आक्षेप नसून तेच त्याचं काम आहे.

‘सैन्यांनी लॅमिनेट दस्ते तेलावरच चालवले.’

जर्मन सैन्याच्या कार-९८-के रायफलींना दुसऱ्या महायुद्धात बीचचे लॅमिनेट दस्ते होते, हे खरं. पण ते आले कशामुळे? अक्रोडाचं लाकूड मुरवून सुकवायला वर्षं लागतात, तेवढा वेळ नव्हता. आणि लॅमिनेट पिळत नव्हतं. त्यात तेलाची थोरवी कुठे आली? सैनिकाकडे तेल-चिंधीला वेळ होता, त्याच्या शस्त्राकडून अपेक्षा वेगळी होती आणि ती रायफल नव्वद वर्षं टिकवायची आहे असं कोणाच्या मनातही नव्हतं. उलट सोव्हिएत एकेएमचे, म्हणजे एके-४७ च्या सुधारित रायफलीचे, बर्च लॅमिनेटचे दस्ते बघा. त्यांच्यावर वार्निशचा कडक चकचकीत थर आहे. इतिहासातून दाखला काढायचाच तर दोन्ही बाजूंचा काढावा.

‘पीयू सोलून निघतं.’

निघतं, नाकारत नाही. पण बहुतेक वेळा दोष पीयूचा नसतो. एक, खाली तेल किंवा मेण असतं. जुन्या दस्त्यात नळीच्या बाजूने वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल झिरपलेलं असतं, आणि त्यावर कुठलंच फिनिश धरत नाही. टर्पेंटाइनने पुन्हा पुन्हा पुसून, चिंधी कोरडी आणि स्वच्छ निघेपर्यंत ते काढावं लागतं. दोन, ओल आतून येते.

आणि हीच ती जागा जिथे बहुतेक दस्ते मार खातात. बाहेरून आरशासारखी लकाकी आणि आत कोरं लाकूड! दस्ता काढून उलटा करून बघा. मागच्या टोकाला रबरी पॅडखाली, म्हणजे जिथे सगळे तंतू आडवे कापलेत, तिथे बऱ्याचदा फिनिशचा थेंब नसतो. नळीची खाच, ट्रिगर गार्डखालची जागा, बोल्टची भोकं, पट्ट्याच्या कडीचं भोक, पिस्तूल ग्रिपच्या टोपीखालचा भाग, सगळीकडे तेच. पाणी तिथून शिरतं, लाकूड फुगतं आणि वरचा थर आतून ढकलला जातो. मग लोक म्हणतात, पीयू वाईट.

म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी आतलं, मग बाहेरचं. पॅड काढून मागच्या टोकाला पातळ केलेल्या पीयूचे किंवा पातळ इपॉक्सीचे हात द्यायचे, लाकूड पिणं थांबेपर्यंत. भोकांत कापसाच्या काडीने. नळीच्या खाचेत मात्र पातळ हात, कारण तिथे जाड थर दिला तर तीच फट आपणच भरून टाकू. ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगरची धातूची यंत्रणा, जिथे बसते तिथेही जाड थर साचू द्यायचा नाही. स्क्रू आवळल्यावर मऊ थर दबत जातो आणि ताण ढिला पडतो. बेडिंग, म्हणजे इपॉक्सी भरून ॲक्शनची बैठक नेमकी बसवणं, करायचं असेल तर ते आधी उरकून घ्यावं. अर्थात हे सगळं करण्यापूर्वी रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासून, धातूचे सगळे भाग काढून ठेवायचे.

‘रोज चोळत राहा.’

अक्रोडाच्या दस्त्यावर तेल आणि बारीक घासलेली भुकटी यांचा लगदा करून रंध्रं भरतात, आणि ते सुंदर दिसतं. रंगीत लॅमिनेटवर हीच युक्ती केली की लाल पदराची भुकटी पांढऱ्यावर, काळ्याची लालवर बसते आणि इतका सरळ पट्टा मळकट होतो. बर्चची रंध्रं बारीक असतात, भरायची गरजच नसते. दुसरी गोष्ट, जवसाचं तेल काळानुसार पिवळं पडतं. करड्या किंवा निळ्या लॅमिनेटवर ती झाक हिरवट दिसते. शिवाय दमट हवेत जवसाच्या तेलावर बुरशी आनंदाने वाढते.

आणि रोज चोळणाऱ्याकडे रोज एक तेलकट चिंधी तयार होते. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. बोळा करून टाकलेली चिंधी आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. फिरणाऱ्या सल्ल्यात नेमका हाच भाग गायब असतो.

‘मग कुठलंही पीयू चालेल?’

हे त्या सल्ल्यात नाही, पण त्याला उत्तर देणारे बरेचदा इथे घसरतात. घरी एकट्याने लावायचं असेल तर तेलाधारित पीयू पातळ करून चिंधीने पुसत लावणं सगळ्यात सोपं. हात अनेक लागतात, पण ओघळ येत नाहीत. करड्या-निळ्या दस्त्याला पाण्याचं पीयू बरं, ते पिवळं पडत नाही; पहिल्या हाताला लाकडाचे तंतू उभे राहतात, ते बारीक पेपरने हलके कापून घ्यायचे. होड्यांचं स्पार वार्निश उन्हाला चांगलं, पण ते मुद्दाम लवचीक ठेवलेलं असल्याने थोडं मऊच राहतं. इपॉक्सी ओल अडवण्यात सरस, पण ऊन त्याला सोसत नाही, वरून दुसरं फिनिश हवंच. गाड्यांचं दोन भागांचं क्लिअर कोट सगळ्यात कडक आणि दिमाखदार. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा मास्क लावून घरात ते फवारू नका, ते काम रंगफवारणीच्या बूथवाल्याचं. लाखेचं पॉलिश देणार असाल तर आधी झाकल्या जागी तपासा. त्यातल्या स्पिरिटने काही व्हिनियरचा रंग सुटतो आणि शेजारच्या पदरात पसरतो.

घासताना सँडपेपर नुसता हातात धरून घासू नका. गोंदाची रेघ लाकडापेक्षा कडक असते. बोटांच्या दाबाने मऊ लाकूड खोल जातं, रेघा वर राहतात आणि चकचकीत हात दिला की त्या उन्हात पन्हळीसारख्या दिसतात. पेपरमागे कडक ठोकळा हवा, ग्रिपच्या वळणावरसुद्धा. ३२० नंबरपर्यंत गेलात की थांबा.

‘तेलाची डागडुजी सोपी.’

इथे मात्र तो सल्ला बरोबर आहे. ओरखडा पडला, तेल चोळलं, मिटलं. पीयूच्या थरावर ओरखडा पडला तर तेवढी जागा घासून कडा मिळवाव्या लागतात, आणि चकचकीत फिनिशवर जोड लपत नाही. साटन (मंद चकाकीचं) किंवा मॅट घेतलं तर बराचसा लपतो. हे एक कारणच मला पुरेसं वाटतं चकचकीत न घ्यायला. ज्याला तेलाचा स्पर्शच हवा आहे त्याने आतल्या सगळ्या जागा आणि मागचं टोक पीयूने बंद करावं आणि बाहेर तेल ठेवावं. तेलाचा हात मात्र आतलं पीयू पूर्ण पिकल्यावरच द्यावा, आधी दिला तर कडांवर दोन्ही चिकट राहतात.