रेडिओ वनपूर्वीची दहा वर्षे

फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर या ब्रिटिश डीजे जोडीवरील लेख वाचला; त्यांची 'खरी कारकीर्द 1998 मध्ये बीबीसी रेडिओ वनवर सुरू झाली', हे त्या लेखातील विधान मला मान्य नाही. रेडिओने त्यांना देशभर पोहोचवले हे खरेच. 2001 च्या सुमारास लंडनमध्ये शिकत असताना मीही मध्यरात्रीनंतर आवाज अगदी बारीक करून त्यांचा कार्यक्रम ऐकत असे (शेजारच्या खोलीतल्या मुलाला 'जंगल', म्हणजे ते वाजवत ते वेगवान, तुटक तालाचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, निव्वळ गोंगाट वाटे). परंतु 1998 पर्यंतच दोघांच्या नावावर दशकभराचे काम जमा होते. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील विनापरवाना रेडिओ केंद्रापासून सुरुवात केलेल्या या जोडीने चेरिंग क्रॉसजवळील 'हेवन' या क्लबमध्ये 'रेज' नावाच्या गुरुवारच्या रात्री गाजवल्या आणि तेथे टेक्नो या यांत्रिक, एकसुरी ठेक्याच्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांना ब्रेकबीटची, म्हणजे तुटक, वेगवान ड्रमतालाची जोड देत, तबकडीची गती मुद्दाम वाढवत, जे घडवले त्यातूनच पुढे जंगल आकाराला आले.

लेखात 'रेज'ला एकच ओळ मिळावी, हे तर फारच खटकले. पुढे जंगलचा नामवंत संगीतकार झालेल्या गोल्डीला या संगीताची ओढ लागली ती तिथेच, आणि त्याला तिथे नेणाऱ्या केमिस्ट्री व स्टॉर्म या दोघी स्वतःही पुढे नावाजलेली डीजे जोडी ठरल्या. 1994 मध्ये या तिघांनी मिळून 'मेटलहेड्झ' हे तबकड्या काढणारे लेबल उभे केले. या दोघींचा तर लेखात उल्लेखही नाही.